वीतभर लोखंड

सन दोन हजार पंधरा. मला एकाहत्तरावं लागलं होतं. मी तिसरी शिकलेला माणूस, लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील त्या पोटात घाला. पण लोखंडाबद्दल जे सांगीन त्यात चूक नसेल, असं त्या सालापर्यंत मी छातीवर हात ठेवून म्हणत होतो. आता म्हणत नाही. का म्हणत नाही, तेवढंच लिहायला बसलोय.

कराडच्या पलीकडं आमचं गाव. जातीनं आणि कामानं लोहार. पंचेचाळीस वर्षं भट्टीपुढं काढली. भाता आमची मंडळी ओढायची आणि वेळ पडली तर घणही घालायची. ती गेली तेव्हा मी महिनाभर विजेचा पंखा लावून भट्टी चालवून पाहिली. आग लागायची, पण पंख्याला कधी दम धरायचा आणि कधी जोर करायचा हे कळत नाही. तिला न सांगता कळायचं. एक दिवस फाळ अर्धा तापवून तसाच बाजूला ठेवला आणि ऐरणीवर गोणपाट टाकलं. मग मुलगी आली आणि मला सिंगापूरला घेऊन गेली.

पासिर रिसला नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. जावई चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या कामाला, सकाळी आठला बाहेर. नात सात वर्षांची, शाळेत. मुलगी युनिव्हर्सिटीत. ती काय करते हे मला कुणी विचारलं तर मी सांगायचो, मरायला टेकलेल्या भाषा कॉम्प्युटरात भरून ठेवते. भाषा कशी मरते, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, बोलणारी माणसं संपतात आबा, दुसरं काही नाही.

तिथं मला सगळे अंकल म्हणायचे. लिफ्टमधे अंकल, खाली कॉफीच्या टपरीवर अंकल. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चिनी म्हातारे पट मांडून बसायचे, मी पण जाऊन बसायचो. आधी कोण काय होता हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. गावात मला नावानं हाक मारणारी माणसं थोडी. अख्खा गाव लोहार म्हणायचा. ते एक विमानात बसलो तेव्हा सुटलं.

मुलीच्या मागं तेव्हा इंग्रियन नावाची भाषा लागली होती. रशियात समुद्राकाठी थंड मुलखात थोडी खेडी आहेत, तिथली. बोलणारी माणसं उरली होती ती सगळी म्हातारी. आमच्या फ्रिजवर तिनं एक कागद चिकटवला होता, त्यावर एकच शब्द खालोखाल लिहिलेला. मी विचारलं हे काय, तर म्हणाली लोहार. सेप्पॅ म्हणजे लोहार. मला वाचता यावं म्हणून तिनं तो कागद देवनागरीत पुन्हा लिहिला. सेप्पॅ, लोहार. सेपॅन, लोहाराचा. सेपॅल्ले, लोहाराला. सेपॅक्स, म्हणजे एखादा पोरगा लोहार होतो तेव्हाचं. सेप्पॅन्नॅ, लोहार म्हणून जगतो तेव्हाचं. आणि तळाशी सेप्पॅन्त. हे कशाचं, म्हटलं. ती म्हणाली, लोहार होता, आता राहिला नाही, तेव्हा म्हणतात.

मी फ्रिज उघडून पाणी घेतलं.

मला राग होता तो वेगळाच. परक्या मुलखातल्या लोहाराला ही पोरगी आजारी माणसासारखी जपते आणि बाप घरात बसलाय. ती मला विचारत नव्हती असं नाही. आल्या दिवसापासून मागं लागली होती, आबा, तुमच्या भट्टीवरचे शब्द मला सांगा, हत्यारांची नावं, कामाची नावं, मी रेकॉर्ड करते. मी तिला म्हणालो, माझी भाषा मेलेली नाही, मीही मेलेलो नाही, मेल्यावर ये. ती म्हणाली, मेल्यावर कसं विचारू. मी म्हणालो, तो तुझा प्रश्न. असं चार-पाच वेळा झालं. मग तिनं नाद सोडला.

शनिवारी दुपारी चारला ती त्या म्हातारीला फोन लावायची. तोंड दिसतं तो फोन. तिकडं तेव्हा सकाळचे अकरा. शेजारची एक बाई तिथं फोन धरून बसायची. म्हातारी पंच्याऐंशीची, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, मागं खिडकीत कांद्याची माळ. तिचा बाप लोहार होता, म्हणूनच तो शब्द मुलीला तिच्याकडून एवढ्या रूपांत मिळाला होता. एका शनिवारी मी मुलीच्या मागून चहाचा कप न्यायला गेलो आणि म्हातारीनं हा कोण म्हणून विचारलं. मुलीनं सांगितलं, माझे वडील, सेप्पॅ आहेत.

म्हातारी सावरून बसली. रुमाल नीट केला. मग काहीतरी म्हणाली. मुलगी हसत म्हणाली, आबा, हात दाखवा म्हणते. मी दोन्ही तळवे फोनपुढं धरले. ठिणग्यांचे डाग, डाव्या अंगठ्याचं नख फुटून उगवलेलं. म्हातारीनं डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली. मुलीनं सांगितलं, खरा आहे म्हणते.

त्यानंतर दर शनिवारी चारला मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसायचो. मुलीनं चिडवलं, आबा, कांदेपोहे आहेत का आज. मी म्हटलं, तुझं काम कर. म्हातारी मला सेप्पॅ म्हणूनच हाक मारायची, मी तिला आक्का म्हणायचो. तिनं विचारलं, तुमच्याकडं भाता कोण ओढतं. मी सांगितलं, बायको. ती म्हणाली, आमच्याकडं आई ओढायची. मी सांगितलं, माझी गेली, मग भट्टी बंद केली. मुलीनं ते त्या भाषेत सांगितलं, माझ्याकडं न बघता. त्यात तो कागदाच्या तळाचा शब्द मला ऐकू आला. म्हातारीनं हात झटकला आणि पहिला शब्द पुन्हा म्हणाली, सेप्पॅ. मी विचारलं काय म्हणाली. मुलगी म्हणाली, हात आहेत तोवर तो शब्द याला लावू नको म्हणते.

बायको गेल्यापासून अडीच वर्षांत मला एवढं गोड कुणी बोललं नव्हतं.

पाचव्या की सहाव्या शनिवारी म्हातारीनं मांडीवर एक फडकं सोडलं. आत एक लोखंड होतं. तिनं जे सांगितलं ते असं. ती सात वर्षांची असताना मुलखात मोठी धरपकड झाली, त्यात तिच्या बापाला कामावरून उठवून नेलं. तो परत आला नाही. कुठं गेला, कसा गेला, कधी कळलं नाही. ऐरणीवर हे एवढंच राहिलं होतं, अर्धवट. आईनं ते फडक्यात बांधलं. पुढं लढाई आली, घर गेलं, गाव सुटलं, किती ठिकाणी बिऱ्हाडं केली, पण हे लोखंड आईनं टाकलं नाही आणि आईमागं हिनं टाकलं नाही. आजवर ज्यांना दाखवलं ते कुणी लोहार नव्हते.

म्हातारी फोनच्या अगदी जवळ आली.

"विचार त्याला, माझा बाप काय करत होता."

आमच्या वडलांची भट्टीवर एक शिस्त होती. दुसऱ्या लोहाराचं काम हातात घेतल्याशिवाय त्याच्यावर बोलायचं नाही. कुणी मोडका कोयता आणला आणि हा कुणी केला, कसा केला विचारलं, तर वडील आधी हात पुसायचे, तो तळहातावर तोलायचे, वितीनं मापायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि मग बोलायचे. पुष्कळदा सांगता येत नाही म्हणायचे. त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. मीही जन्मभर तसंच केलं. त्या दिवशी मात्र लोखंड पाच हजार मैलांवर आणि माझ्यापुढं काच.

मी बघितलं. चपटी पट्टी, एका बाजूनं पातळ ओढून वर वळवलेली. दुसऱ्या टोकाला लाकडात ठोकायला टोकदार शेपूट काढलेलं. आमच्याकडच्या कुठल्याही लोहारानं मी म्हटलं तेच म्हटलं असतं. कड मात्र जाड होती, चौकोनी, धारेकडं उतरत गेलेली नव्हती. ते मला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. मी मनात म्हटलं, धार काढायची राहिली असेल. म्हातारीनं शेजारी स्वतःचा पंजा ठेवला होता, लोखंड तिच्या वितीएवढं होतं. तेही आखूडच. मी म्हटलं, लहान असेल.

मुलगी हळूच म्हणाली, आबा, सावकाश बघा, पुढच्या शनिवारी सांगितलं तरी चालेल. तिनं हे म्हणायला नको होतं. मला वाटलं, पोरीला शंका आहे, बापाला येतं की नाही.

"विळी," मी म्हणालो. "भाजी चिरायची विळी. पाटात ठोकायची असते. तिच्या आईसाठी करत होता म्हणावं."

विळी म्हणजे काय हे मुलीनं म्हातारीला हातवारे करून समजावलं. म्हातारी ऐकत होती. मग तिनं विचारलं, सेप्पॅ, नक्की ना? मी म्हणालो, पंचेचाळीस वर्षं ऐरणीपुढं उभा होतो म्हणावं, लोखंड ओळखायला मला कुणाला विचारावं लागत नाही.

तिनं लोखंड उलटसुलट करून पाहिलं, फडक्यात बांधलं, माझे आभार मानले. आज गुडघे दुखतात म्हणाली आणि फोन लवकर ठेवला.

मी खुशीत होतो. जेवताना जावयाला दोनदा सांगितलं. मुलगी म्हणाली, आबा, पण त्या लोकांत विळी नसते, ते खाली बसून चिरत नाहीत. मी म्हणालो, तुला शब्द कळतात, लोखंड मला कळतं. तिनं पुढं वाढायला घेतलं. पुढच्या शनिवारी म्हातारीनं मुलीच्या शब्दांची उत्तरं दिली, पण सेप्पॅ कुठंय म्हणून विचारलं नाही. मी धुतला सदरा घालून शेजारच्या खुर्चीतच होतो. वाटलं, दमली असेल.

त्यानंतरच्या रविवारी नातीच्या वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता, एका मॉलमधे. त्या मॉलच्या आत बर्फाचं मैदान केलेलं. बाहेर अंगातून पाणी निथळतंय आणि आत पोरं स्वेटर घालून बर्फावर घसरतायत. खिडकीवर बूट भाड्यानं देत होते. नातीनं एक बूट पायात घातला आणि दुसरा माझ्या हातात दिला, आबा होल्ड, म्हणून. मी तो सहज उलटा केला. नात तिथल्या पोरांच्या ढंगात ओरडली, "आबा, डोन्ट टच लाह, शार्प."

मी अंगठा फिरवला. शार्प नव्हतं. धारच नव्हती. पट्टी सपाट, कड जाड, चौकोनी. पुढून वर वळलेली.

मी बूट मांडीवर घेऊन वीत टाकली. टाचेपासून चवड्यापर्यंत बरोबर माझी एक वीत. पोर सात वर्षांची.

मुलगी शेजारी बाकावर होती. मी तिला विचारलं, पूर्वी थंड मुलखात हे कसं करायचे, असे बूट तर नसतील. तिनं फोनवर शोधून एक चित्र दाखवलं. लाकडाची पावलं, वर चामड्याचे पट्टे, आणि लाकडाच्या खाली ठोकलेली लोखंडी पट्टी, पुढून वर वळवलेली, मागं शेपूट लाकडात शिरलेलं. मी फोन तिला परत दिला. ती माझ्याकडं बघत होती. मग तिनंही चित्राकडं पुन्हा पाहिलं.

"आबा, घरी जाऊन फोन लावू का तिला?"

"कशाला? शनिवार आहे की."

हे माझेच शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी ती फोन लावणार होती आणि मी नको म्हणालो. मला वेळ हवा होता. चुकलो असं तर सांगायचं, पण लहान न दिसता कसं सांगायचं, ते मला बसवायचं होतं. सोमवारी मी ठरवलं, सांगू की फोनवर नीट दिसलं नव्हतं. मंगळवारी वाटलं, सांगू की आमच्याकडं बर्फच नसतं, तर आम्हाला कसं ठाऊक असणार. बुधवारी पासिर रिसच्या समुद्रावर चालत गेलो, लांब जहाजं उभी होती, तिथं एका बाकावर बसून मोठ्यानं म्हणून बघितलं. प्रत्येक वाक्यात मी आपला सुटत होतो आणि तिच्या बापाचं राहून जात होतं. गुरुवारी एकदाचं जमलं. आक्का, मी चुकलो, ते घसरायच्या खडावाचं लोखंड आहे, सात वर्षांच्या पायाचं. एवढंच. मुलीला म्हटलं, शनिवारी आधी मी बोलणार. ती बरं म्हणाली.

शुक्रवारी ती युनिव्हर्सिटीतून तीनलाच आली. चपला काढल्या आणि माझ्यापुढं खाली बसली. ती खाली बसली तेव्हाच मला कळलं, कारण तिची आई गेली तेव्हा ती अशीच येऊन बसली होती. म्हातारी बुधवारी गेली होती. झोपेत. फोन धरणाऱ्या बाईनं आज कळवलं.

मी विचारलं, आणखी काही म्हणाली का ती बाई. मुलगी सांगायला तयार नव्हती. मी हट्ट धरला. मग तिनं सांगितलं. ते लोखंड कशाचं असावं याचा म्हातारीला जन्मभर अंदाज होता. गावाजवळची नदी गोठली की थोरली पोरं तिच्यावर घसरायची आणि हिला बापानं कबूल केलं होतं, तू सात वर्षांची झालीस की तुला करीन. पण आई म्हणायची, कशाचं तरी लोखंड आहे, उगीच मनाला लावून घेऊ नको. म्हणून तिला लोहाराच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या बाईनं तिला विचारलं होतं, मग तू त्याला आधीच का नाही सांगितलंस, खडावाचं आहे का असं सरळ विचारायचं. तर म्हातारी म्हणाली होती, सांगितलं असतं तर त्यानं माझ्या मनासारखं बोलून टाकलं असतं. मला लोहाराचं ऐकायचं होतं.

लोखंड इतकी वर्षं तिच्या उशाशी असायचं. त्या शनिवारनंतर तिनं ते स्वयंपाकघरात खणात ठेवलं. सुऱ्यांच्या शेजारी.

मी तिला म्हणालो, पुरे. ती उठली नाही. म्हणाली, आबा, तुम्ही काय मुद्दाम केलं का. मी म्हणालो, मुद्दाम नाही केलं. पण रविवारी संध्याकाळी फोन लावायचा होता, तो मुद्दाम नाही लावला. रात्री जेवलो नाही. तिनं ताट झाकून ठेवलं. नात येऊन विचारून गेली, आबा सिक आहे का. मी तिचा पाय हातात घेतला आणि सोडला.

मी माणसं पुरलीत, बायकोला अग्नी दिलाय. दुःख काय असतं ते मला नवं नाही. पण बायको गेली तेव्हा माझं कुणाला काही देणं राहिलं नव्हतं. आम्ही एकमेकांना सगळं बोललो होतो. या म्हातारीला मी एकदाही हात लावला नाही, तिची भाषा मला येत नव्हती, आणि जी एक गोष्ट तिनं पंच्याहत्तर-ऐंशी वर्षं सांभाळली ती मी एका दुपारी तिच्याकडून काढून घेतली. तिनं मला लोहार म्हटलं, म्हणूनच तिला माझं खरं वाटलं. दुसऱ्या कुणी विळी म्हटलं असतं तर ती हसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा पाचला उठलो. अंघोळ केली, धुतला सदरा घातला आणि जेवणाच्या टेबलापाशी बसलो. मुलगी उठून आली तेव्हा म्हणालो, ते तुझं रेकॉर्डिंगचं यंत्र आण. ती म्हणाली, आत्ता? मी म्हणालो, आण. तिनं आणलं, पुढ्यात ठेवलं, लाल दिवा लागला.

मी आधी सांगितलं, की मी जातीचा लोहार, अमुक तारखेच्या शनिवारी आक्काच्या बापाचं काम हातात न घेता बोललो आणि चुकीचं बोललो. ते लोखंड विळी नाही. वितीएवढं आहे, कड चौकोनी आहे, पुढून वळवलंय, ते सात वर्षांच्या पोरीच्या पायासाठी होतं आणि एकाच पायाचं झालं होतं. मुलगी म्हणाली, आबा, त्या शनिवारचं मी पुसून टाकू का. मी म्हणालो, पुसायचं नाही. ते तसंच राहू दे, आणि त्याच्या खाली हे लाव. ही सगळी टेप त्या फोन धरणाऱ्या बाईला तिच्या भाषेत करून पाठव, आणि लोखंड खणातून काढून म्हातारीबरोबर ठेवायला सांग, अजून मातीत घातली नसेल तर.

तिनं आत जाऊन लगेच निरोप पाठवला. परत येऊन बसली. दिवा चालूच होता. मी हात पुसले आणि म्हणालो, आता विचार, काय विचारायचं होतं ते. ती तिच्या जुन्या प्रश्नांची वही शोधू लागली. तेव्हा मीच भात्यापासून सुरुवात केली.